सोबतीच्या बोटीबरोबर बेटाबेटांचा प्रवास: जोडी जुळवण्यापासून नांगर टाकेपर्यंत

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं, मध्ये ५०-६० सागरी मैलांचं मोकळं पाणी, आणि नजरेच्या टप्प्यात ओळखीचं एक शीड. त्या शीडाचा आधार वाटतो, आणि तो खराही आहे. इंजिन बंद पडलं तर दोर टाकणारं कुणी आहे, अंधारात रेडिओवर बोलायला कुणी आहे, नांगर टाकल्यावर एकत्र जेवायलाही कुणी आहे. पण याच आधारामुळे माणूस गाफील होतो, आणि तेही इतकं हळूहळू की त्याच्या लक्षात येत नाही.

आमच्या सुरुवातीच्या एका टप्प्यात दुपारी, दोन बेटांच्या बरोबर मध्यावर, वारा अपेक्षेपेक्षा खूप वाढला. कसेबसे पोहोचलो. रात्री बोलता बोलता कळलं, की सकाळचा ताजा हवामान अंदाज दोन्ही बोटींपैकी कुणीच पाहिला नव्हता. त्यांना वाटलं आम्ही पाहिला, आम्हाला वाटलं त्यांनी. आमची साखळी वर येताना दिसली म्हणून ते निघाले, आणि त्यांनी शीड मोकळं केलं म्हणून आम्ही. दोन अनुभवी कप्तान, आणि निर्णय एकानेही घेतलेला नाही.

म्हणून पुढचं सगळं एका अटीवर उभं आहे. दोन्ही बोटींनी तो टप्पा एकट्याने पार करण्याइतकं सक्षम असलं पाहिजे. जो टप्पा एकट्याने घ्यायची हिंमत होत नाही, तो सोबत आहे म्हणून घेऊ नये. समोरची बोट कधीही दिसेनाशी होऊ शकते, तिचीच डोलकाठी मोडू शकते, आणि खवळलेल्या समुद्रात ती शंभर मीटरवर असूनही काही करू शकत नाही.

जोडी जुळवताना

सगळ्यात आधी वेग पाहा. स्वभावाचा विचार त्यानंतर. पाणी कापत जाणाऱ्या एककाय, म्हणजे एकाच सांगाड्याच्या, बोटीचा कमाल वेग तिच्या पाण्यावरच्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की नॉटमधला, म्हणजे ताशी सागरी मैलांतला, वेग मिळतो. २५ फुटांच्या बोटीला ६.७ नॉट, ३६ फुटांच्या बोटीला सुमारे ८. प्रत्यक्ष प्रवासात दोघींची सरासरी याहून बरीच कमी पडते. समजा एकीची ५ आणि दुसरीची ६ नॉट आली. ६० मैलांचा टप्पा पहिलीला १२ तासांचा, दुसरीला १० तासांचा. वेगवान बोट नांगर टाकते तेव्हा दुसरी १० मैल मागे असते, म्हणजे दिसतच नाही. मग एक तर वेगवान बोटीने शीड कमी करून थांबायचं, नाही तर तिने उशिरा निघायचं. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. मुद्दाम मंद चालवलेली शिडाची बोट लाटांवर जास्त हेलकावते, आणि कंटाळलेला कप्तान चुका करतो. उशिरा निघालेली वेगवान बोट वाटेत हळूहळू जवळ येत जाते, आणि दिवसाच्या शेवटी, म्हणजे दमल्यावर, दोघी जवळ असतात.

तळाची खोली, म्हणजे बोट पाण्याखाली किती बुडते, हाही मोठा फरक असतो. जोडकाय (दोन समांतर सांगाड्यांची, कॅटामरान) बोट सव्वा मीटर पाण्यात निवांत राहील, तिथे तळाखाली दोन मीटर खोल कणा (कील) असलेली बोट रुतेल. हे आधीच समजून घेतलं नाही तर एक बोट आडोशाला शांत झोपते आणि दुसरी बाहेर रात्रभर डोलत बसते. असं तीन रात्री झालं की मैत्रीवर ताण येतो.

स्वभाव ओळखायला एक दिवस पुरतो. १५-२० मैलांची जाऊन-येऊन फेरी एकत्र करा. ठरलेल्या वेळी रेडिओवर आवाज येतो का, शीड आखडायला, म्हणजे घड्या घालून लहान करायला, ते कधी सुरुवात करतात, नांगर नीट बसला का हे तपासतात की साखळी सोडून लगेच खाली जातात, एवढंच पाहा. वारा वाढण्याआधी शीड आखडणाऱ्या माणसाबरोबर मी डोळे झाकून जाईन.

निघण्याआधी बोलून लिहून ठेवायच्या गोष्टी

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण समुद्रावर अगदी शब्दशः लागू पडते. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ‘आज नको’ न म्हणणं, त्याने वाट पाहिली म्हणून अर्धवट दुरुस्तीनंतर निघणं, तो पुढे गेला म्हणून शिडाची एक घडी कमी घालणं, हे सगळं भिडेपोटी होतं. म्हणून या गोष्टी चहाच्या वेळी, नकाशा समोर ठेवून, एका कागदावर लिहाव्यात. दोन प्रती करून एकेक प्रत दोन्ही बोटींवर ठेवावी.

पहिलं कलम नकाराचं. कुठल्याही एका कप्तानाने ‘नाही’ म्हटलं तर तो त्याचा निर्णय अंतिम, कारण विचारायचं नाही, मन वळवायचं नाही. दुसऱ्याने मात्र थांबायचं की जायचं हे स्वतः ठरवायचं. त्याच्यावरही थांबण्याची सक्ती नाही. हे दोन्ही बाजूंनी मोकळं ठेवलं तरच नकार सहज देता येतो.

दुसरं, एक बोट परत फिरली तर दुसरीने काय करायचं. तिसरं, संपर्क तुटला तर किती वेळाने काळजी करायची आणि कुणाला कळवायचं. चौथं, ओढून न्यायची वेळ आली तर निर्णय कुणाचा. इथे माझं मत ठाम आहे: ओढणाऱ्या बोटीच्या कप्तानाचा. त्याच्या माणसांचा जीव आणि त्याचं इंजिन पणाला लागलेलं असतं, आणि तो ‘जमत नाही’ म्हणाला तर तो शब्द मान्य करायचा. पाचवं, नुकसान आणि विमा. मित्राने मित्राला ओढून नेलं तर ती मदत समजायची, त्यासाठी कुणी मोबदला मागणार नाही, हे लिहून ठेवा. सागरी बचावाचे कायदे वाचवलेल्या मालमत्तेवर मोबदल्याचा हक्क देतात, म्हणून हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. आपला विमा ओढण्याच्या कामाला लागू आहे का, आणि तुम्ही जाणार त्या पाण्यापर्यंत त्याची हद्द पोहोचते का, हे विमा कंपनीला लेखी विचारा.

याच कागदाच्या मागे दोन्ही बोटींची माहिती हवी: नाव, रेडिओचं हाकचिन्ह, ९ अंकी एमएमएसआय क्रमांक (रेडिओवर बोटीची ओळख सांगणारा), लांबी, तळाची खोली, डोलकाठीची उंची, रंग, माणसांची संख्या, कुणाला कुठला आजार व कुठलं औषध, जीवतराफा कुठे बांधला आहे. दुसरी बोट संकटात असताना बचाव केंद्राशी तुम्हीच बोलणार असाल, तर हे सगळं तुम्हाला विचारलं जातं. तेव्हा आठवत बसायला वेळ नसतो.

बेटं वेगवेगळ्या देशांची असतील तर प्रत्येक बोटीने आपली कागदपत्रं स्वतंत्रपणे करायची. जोडीने आलो म्हणून एकाच्या नावावर दोघांचा प्रवेश होत नाही. अधिकृत प्रवेश बंदरातच आधी जायचं, प्रवेश मिळेपर्यंत पिवळा ‘क्यू’ झेंडा उभारायचा, आणि शेवटच्या बंदराचा निर्गमन दाखला जवळ ठेवायचा. एक बारीक गोष्ट नेहमी राहते. गंमत म्हणून कुणी माणूस एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर जाऊन पुढच्या देशात उतरला, तर दोन्ही बोटींच्या खलाशांच्या यादीत गोंधळ होतो. अदलाबदल करायचीच असेल तर ती एकाच देशाच्या पाण्यात करावी, आणि निघताना यादी दुरुस्त करून घ्यावी.

टप्पा आखणे

आखणी नेहमी शेवटाकडून सुरू करा. अनोळखी बेटाच्या नांगरतळावर उजेडात पोहोचायचं, हे पक्कं. प्रवाळ खडक असतील तर नुसता उजेडही पुरत नाही, सूर्य डोक्याच्या आसपास आणि शक्यतो पाठीमागे हवा. तेव्हाच पाण्याचे रंग वाचता येतात: गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी किंवा पिवळसर म्हणजे खडक. समोरून तिरपं ऊन आलं की सगळं पाणी एकसारखं चकाकतं. तेव्हा साधारण सकाळी १० ते दुपारी ३ ही प्रवेशाची वेळ धरा आणि तिथून मागे या.

गणित नेहमी मंद बोटीच्या वेगाने. ६० मैल, ५ नॉट, म्हणजे १२ तास. दुपारी ३ ला आत शिरायचं तर पहाटे ३ ला निघावं लागेल. अंधारात निघणं अंधारात पोहोचण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, कारण आत येताना जीपीएस उपकरणावर नोंदलेला आपलाच माग उलट धरून बाहेर पडता येतं. मात्र तो माग उजेडात आलेल्या वाटेचा असावा. वाटेत समोरून २ नॉटचा प्रवाह असेल तर ५ नॉटची बोट जमिनीच्या हिशेबाने ३ नॉटच चालते, मग सगळं गणित कोसळतं. म्हणून प्रवाहाची माहिती आधी.

बेटांदरम्यानच्या वाऱ्याचा वेगळा अभ्यास लागतो. उंच डोंगरांची दोन बेटं जवळजवळ असली की वारा मधल्या फटीतून दाबून निघतो, नळीच्या तोंडावर बोट ठेवल्यावर पाणी जोरात उडतं तसा. कॅनरी बेटांदरम्यानचे असे वेगवाढीचे पट्टे प्रसिद्ध आहेत, तिथे काही मिनिटांत १०-१५ नॉटनी वारा वाढतो. हवाईमधल्या माउई आणि मोठ्या बेटामधली अलेनुइहाहा सामुद्रधुनी याच कारणाने बदनाम आहे. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा मेल्टेमी बेटांच्या मधून असाच जोर धरतो. बेटाच्या आडोशाला वारा पडला म्हणून पूर्ण शीड उघडणं ही तिथली हमखास चूक. आडोसा संपायच्या आधीच शीड आखडा. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १४ नॉटचा वारा २० झाला की दाब दुपटीहून जास्त होतो. उंच बेटाचा आडोसाही सगळीकडे शांत नसतो, डोंगरउतारावरून तिथे अचानक झोत खाली येतात.

उथळ सामुद्रधुनीत वारा एका दिशेने आणि भरतीचा प्रवाह उलट्या दिशेने असला की लाटा उभ्या आणि जवळजवळ होतात. तोच वारा प्रवाहाच्या दिशेने असताना पाणी बरंच सपाट असतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, हा फरक सगळ्यात जास्त. जमलं तर असा टप्पा भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, घ्यावा. जिथे भरती-ओहोटी नियमित आहे, तिथे ६ तासांच्या भरतीत पाणी सारखं चढत नाही: पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं, आणि प्रवाहही तेव्हाच जोराचा असतो.

हवामानाचा अंदाज दोन्ही कप्तानांनी वेगवेगळा पाहायचा, शक्य तर वेगवेगळ्या संगणकी प्रारूपांचा, म्हणजे एकाने युरोपीय तर दुसऱ्याने अमेरिकी. मग आकडे समोरासमोर मांडायचे. दोन्ही जुळले तर विश्वास वाढतो, जुळले नाहीत तर वाईट अंदाज खरा धरायचा. अंदाजातला वाऱ्याचा आकडा सरासरीचा असतो, झोत त्याहून बरेच जोराचे येतात, हे लक्षात ठेवून शीड ठरवा. निघायच्या सकाळी पुन्हा एकदा ताजा अंदाज पाहून रेडिओवर एकमेकांना आकडे वाचून दाखवायचे. ‘बरं दिसतंय ना?’ असं विचारायचं नाही. ‘दुपारी १२ ला पूर्वेकडून १८, लाट दीड मीटर’ असं बोलायचं. त्या फसलेल्या दिवसानंतर आम्ही ही सवय लावली आणि ती कधी मोडली नाही.

वाटेत वळता येईल अशी दोन ठिकाणं तरी आखून ठेवा, आणि परतीचा बिंदूही ठरवा: इथपर्यंत ११ वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर मागे. इंधनाचा हिशेब एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला राखीव असा असावा. सोबतीच्या बोटीचं इंधन आपल्या राखीव साठ्यात धरू नये. पाण्याचं आणि सुट्या भागांचंही तेच. मात्र दोघांकडच्या सुट्या भागांची यादी एकमेकांना द्यावी, एकाच बनावटीचं इंजिन असेल तर तिचा फार उपयोग होतो.

रेडिओची शिस्त

व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर, वाहिनी १६ ही हाक देण्याची आणि संकटाची. तिच्यावर दोन वाक्यांत हाक देऊन लगेच दुसऱ्या वाहिनीवर जायचं. गप्पांसाठी बोटी-बोटींमधली वाहिनी आधीच ठरवा. अनेक भागांत ७२ वापरतात, पण तिथला स्थानिक नियम पाहून घ्या. एक पर्यायी वाहिनीही ठरवून ठेवा. वाहिनी ७० फक्त डिजिटल हाकेसाठी असते, तिच्यावर बोलायचं नाही. दोन वाहिन्यांवर एकाच वेळी कान ठेवण्याची सोय रेडिओत असते, ती चालू ठेवा, म्हणजे मित्राच्या नादात १६ सुटत नाही.

रेडिओ किती लांब पोहोचेल हे त्याच्या ताकदीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतं. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.२५ ने गुणा. १६-१६ मीटरच्या डोलकाठ्यांवर अँटेना असतील तर ४ अधिक ४, गुणिले २.२५, म्हणजे १८ मैल. हातातले संच २ मीटर उंचीवर धरले तर याच हिशेबाने जेमतेम ६, आणि लाटांमध्ये त्याहूनही कमी. डोलकाठी मोडली की अँटेनाही जाते, म्हणून जवळच्या कठड्यावर लावता येईल असा जादा अँटेना बाळगणं फार शहाणपणाचं. आणि मध्ये डोंगराळ बेट आलं तर सगळी गणितं संपली.

संपर्काची वेळ घड्याळावर ठरवा. दिवसा दर दोन तासांनी, रात्री दर तासाला, हे आम्हाला सोयीचं पडलं. प्रत्येक वेळी क्रम तोच: वेळ, अक्षांश-रेखांश, दिशा, वेग, वारा, माणसं कशी आहेत, बोट कशी आहे. ऐकणाऱ्याने समोरच्याची जागा आपल्या वहीत लिहायची. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि सगळ्यात आधी हाच गळतो. संपर्क तुटला तर शेवटची लिहिलेली जागा हीच शोधाची सुरुवात असते.

एक वेळ चुकली तर घाबरायचं नाही, कदाचित शीड बदलण्यात हात अडकले असतील. १५ मिनिटांनी दुसऱ्या वाहिनीवर, मग १६ वर, मग डिजिटल हाक. दुसरी वेळही चुकली तर एआयएसवर (बोटीची जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा) जागा पाहायची, उपग्रहावरून संदेश पाठवायचा, आणि लिहिलेल्या करारातल्या वेळेनंतर बचाव केंद्राला कळवायचं. कळवण्यात भीड नको. नंतर ‘सगळं ठीक आहे’ सांगणं सोपं असतं.

एआयएसवर मित्राची बोट दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. लहान बोटींचे वर्ग ‘बी’ संच साधारण दर ३० सेकंदांनी जागा पाठवतात, आणि बोट २ नॉटपेक्षा हळू असेल तर दर ३ मिनिटांनी. स्वस्त संचांची ताकद फक्त २ वॉट. जवळून जाताना पडद्यावरची जागा जुनी असू शकते.

वाटेत

दोघी जवळ असताना दोन बोटींमध्ये किती अंतर ठेवावं? दिवसा अर्धा ते एक मैल, रात्री एक ते दोन. एकमेकांचे फोटो काढायच्या मोहात जवळ येणाऱ्या बोटींचीच टक्कर होते. एकट्या बोटीला भर समुद्रात धडकायला फारसं काही नसतं, जोडीतल्या बोटीला मात्र दिवसभर एक शेजारी असतो. त्यामुळे टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम मित्रालाही तितकेच लागू. दोघेही शिडावर असाल तर डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. वारा एकाच बाजूने असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने खालच्याला. मागून ओलांडणारा नेहमीच बाजूला होतो. इंजिन चालू करून गिअर टाकला की शीड वर असलं तरी तुम्ही यांत्रिक बोट. तेव्हा डोलकाठीच्या टोकावरचा तिरंगी दिवा बंद करून इंजिनवाल्या बोटीचे दिवे लावा, नाही तर मागच्या मित्राचा अंदाज चुकतो.

दोघांनीही स्वतःची वाट स्वतः आखून स्वतःच तपासायची. पुढच्याच्या मागे मागे जाणारी बोट त्याच्याच खडकावर आपटते. एकाच्या नकाशावरचे बिंदू दुसऱ्याने उतरवून घेताना एक अंक चुकला, तर तो पकडणारं कुणी उरत नाही. दोन स्वतंत्र आखण्या समोर ठेवल्या तर अशी चूक तिथेच दिसते.

आणखी एक. बंदराच्या वाटेवरचे लाल-हिरवे खुणेचे तरंगे जगात दोन पद्धतींनी लावलेले असतात. बहुतेक जगात बंदरात शिरताना लाल तरंगा डाव्या हाताला येतो. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स इथे तो उजव्या हाताला असतो. जोडीतला एक कप्तान एका भागात शिकलेला आणि दुसरा दुसऱ्या, असं असेल तर हे निघण्याआधी मोठ्याने बोलून घ्यावं.

रात्री पहाऱ्यावर एकटा असलेला माणूस जीवनरक्षक जाकीट घालून, कमरपट्ट्याचा दोर बोटीला अडकवूनच बसेल. सोबतची बोट पाण्यात पडलेल्या माणसाला अंधारात शोधेल ही आशा ठेवू नका.

काही बिघडलं तर

माणूस पाण्यात पडला तर त्याला उचलायचं काम त्याच्याच बोटीचं. ओरडा, तरंगणारं काही फेका, एकाने बोटाने दाखवत नजर न हलवता उभं राहा, उपकरणावर जागा नोंदवा, बोट वळवा. सोबतीच्या बोटीने धावत जवळ यायचं नाही. दोन बोटी, इंजिनाचे दोन पंखे आणि मध्ये एक डोकं, हा सगळ्यात भयंकर प्रकार. तिने लांब थांबून नजर ठेवायची, जागा लिहायची आणि ‘मेडे’ची हाक द्यायची, म्हणजे पहिल्या बोटीचे हात मोकळे राहतात. बोलावलं तरच जवळ यायचं.

जिवाला किंवा बोटीला लगेच धोका असेल तर ‘मेडे’. अडचण गंभीर आणि तातडीची असेल, पण जिवाला किंवा बोटीला लगेच धोका नसेल तर ‘पॅन-पॅन’. मित्र जवळ आहे म्हणून ही हाक लांबवू नका. पाणी शिरत असेल तर आधी हाक, मग शोध. ४०६ मेगाहर्ट्झचं आपत्कालीन संकेतयंत्र प्रत्येक बोटीवर स्वतःचं आणि स्वतःच्या नावावर नोंदवलेलं हवं.

इंजिन बंद पडणं ही सगळ्यात नेहमीची अडचण, आणि ओढून नेणं हे सगळ्यात कमी सराव केलेलं काम. आधी विचार करा: शिडाची बोट आहे, वारा आहे, मग ती शिडावरच पुढे का जाऊ नये? किनाऱ्याकडे वाहत असेल आणि पाणी पुरेसं उथळ असेल तर आधी नांगर टाका. वेळ मिळतो. पहिल्यांदा ओढायचा प्रसंग खऱ्या संकटात येऊ नये, म्हणून शांत पाण्यात एक दुपार याच्या सरावाला द्या.

दोर लांब आणि ताणला जाणारा हवा, म्हणजे नायलॉनचा. ओढणाऱ्या बोटीच्या मागच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना इंग्रजी व्ही आकाराचा फाटा बांधून त्याच्या मध्याला मुख्य दोर जोडायचा, म्हणजे ओढ मध्यातून जाते आणि सुकाणू फिरतं. ओढल्या जाणाऱ्या बोटीवर तो पुढच्या भक्कम खुंट्यांना, शक्य तर आणखी एक आधार डोलकाठीच्या बुंध्याला. जिथे दोर घासतो तिथे जाड कापड किंवा नळीचा तुकडा. गाठ अशी, की ताण असतानाही सोडता यावी. तरीही धारदार सुरी दोन्हीकडे हाताशी हवी.

जवळ येताना आधी हलकी दोरी फेकायची, तिला मुख्य दोर जोडायचा. ढिला दोर पंख्यात गेला तर दोन्ही बोटी लुळ्या पडतात, म्हणून एका माणसाचं काम फक्त दोर पाहणं. सावकाश पुढे सरकत दोर हळूहळू ताणायचा, झटका द्यायचा नाही. लांबी अशी ठेवा, की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेवर चढतील आणि एकाच वेळी उतरतील. तसं झालं नाही तर प्रत्येक लाटेला हिसका बसतो आणि खुंट्या उखडतात. अजूनही हिसके बसत असतील तर दोराच्या मध्ये वजन लटकवा, किंवा मागच्या बोटीच्या नांगराच्या साखळीचा काही भाग त्यात जोडा. वेग ३-४ नॉट पुरे. मागच्या बोटीने सुकाणू पुढच्या बोटीच्या पाठीवर रोखून धरायचं. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, तो तुटला तर चाबकासारखा येतो. रात्र झाली तर दोरावर प्रकाश टाका, म्हणजे तिसरी बोट मध्ये शिरणार नाही.

बंदराच्या तोंडाशी लांब दोर उपयोगाचा नाही. शांत पाण्यात थांबून बिघडलेली बोट बाजूला बांधून घ्या. मध्ये भरपूर रबरी उशा, आणि ओढणाऱ्या बोटीचं मागचं टोक दुसरीच्या मागच्या टोकापेक्षा थोडं मागे. तरच पंखा आणि सुकाणू मोकळ्या पाण्यात राहून दोघींना वळवू शकतात.

नांगरतळावर

आत शिरताना कमी खोल तळाच्या बोटीने आधी जावं. तिने खोली मोजत रेडिओवर आकडे सांगावेत, पण बाहेर थांबलेल्या बोटीने आपल्या तळाची खोली त्यातून स्वतः वजा करावी. खोलीमापक पाण्याच्या पृष्ठापासून मोजतोय की कण्याच्या खालून, हे बोटीगणिक वेगळं असतं. मीटर आणि फूट यांचा गोंधळही इथेच होतो.

साखळी किती सोडायची याचा हिशेब: पाण्याची खोली, अधिक भरतीची चढ, अधिक पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची, या बेरजेच्या पाचपट. ५ मीटर पाणी, २ मीटर भरती, १ मीटर उंची, म्हणजे ८, आणि साखळी ४० मीटर. नांगराला साखळीऐवजी बहुतांश दोर असेल तर सातपट. नंतर इंजिन मागे घालून नांगर रुतवा आणि किनाऱ्यावरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत धरून बोट सरकत नाही ना ते पाहा.

मित्र आहे म्हणून त्याच्या अगदी शेजारी नांगर टाकायचा नाही. साखळीवरची आणि दोरावरची बोट वाऱ्यात वेगवेगळ्या घेऱ्यात फिरतात, जोडकाय आणि खोल कण्याची बोट तर अगदी वेगळ्या तऱ्हेने. रात्री वारा उलटला की घेरे एकमेकांत शिरतात. आधी आलेल्याचा घेरा मानायचा, नंतर आलेल्याने जागा सोडायची.

दोन बोटी बाजूबाजूला बांधून जेवायला बसणं फार सुखाचं असतं, आणि ते करावंही. पण शांत पाण्यात, दिवसा, नांगर एकाच भारी बोटीचा. डोलकाठ्या एका रेषेत येऊ देऊ नका, हेलकावा आला की टोकं एकमेकांवर आपटतात. झोपायच्या आधी सुटायचं आणि आपापला नांगर टाकायचा. नांगर सरकल्याची घंटा दोघांनीही लावायची, रेडिओ ठरलेल्या वाहिनीवर मंद आवाजात चालू ठेवायचा. रात्री दोन वाजता शेजारच्या बोटीची सरकणारी सावली पाहून हाक मारणारं कुणी आहे, हा सोबतीचा सगळ्यात खरा उपयोग.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं बसून कालच्या टप्प्याची वही दोघांनी मिळून वाचा. कुठली वेळ चुकली, कुठला आकडा दोघांच्या वहीत वेगळा आहे, कुणाला निघायचं नव्हतं आणि तो बोलला नाही. वाटा वेगळ्या होणार असतील तर शेवटची संपर्काची वेळ आधी ठरवा, आपल्या प्रवासाची माहिती असलेल्या किनाऱ्यावरच्या माणसाला आता आपण स्वतंत्र आहोत हे कळवा, आणि पहाटे निघणाऱ्या बोटीने जाताना एकदा हाक द्यावी. ती दिसेनाशी झाली की दुसरी तिला शोधत बसणार नाही.